मधल्या दोन दिवसांत पैसे कोणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रिझर्व्ह बँकेने १५ सप्टेंबर २०२५ रोजी, गिऱ्हाइकाचे पैसे गोळा करून विक्रेत्याला पोचवणाऱ्या पेमेंट अ‍ॅग्रीगेटर कंपन्यांसाठी एकत्रित निर्देश काढले. ऑनलाइन विक्रीचे पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांवर आधीपासून देखरेख होतीच. आता दुकानाच्या गल्ल्यावर मशीन आणि क्यूआर ठेवणाऱ्या कंपन्याही त्याच चौकटीत आल्या. तेव्हापासून अमळनेरच्या बाजारात एकच बोलणे कानावर येते : "आता क्यूआरलाही नियम! लहान माणसाने धंदा करायचा की कागद जमवायचे?" मी इथल्या लहान दुकानदारांचे, हातगाडीवाल्यांचे आणि काही महिला बचत गटांचे हिशेब लिहिते. वह्या माझ्याकडे असतात, बँकेचे उतारे मीच जुळवते, त्यामुळे या बोलण्यामागची भीती मला कळते. पण ती चुकीच्या जागी आहे. हे नियम गेली पंधरा-सोळा वर्षे बदलत आले ते लहान विक्रेत्याला आत घेण्यासाठी आणि त्याचा पैसा राखण्यासाठी. तक्रार करायचीच तर ती दुसरी आहे : ज्याच्यासाठी हे सगळे झाले, त्याला ते त्याच्या भाषेत कोणी सांगितलेच नाही.

आधी कसे होते ते आठवून पाहा. कार्डाचे मशीन दिसायचे ते जळगावच्या सराफ बाजारात, मोठ्या कापड दुकानांत, महामार्गावरच्या पेट्रोल पंपांवर. बँक प्रत्येक दुकानदाराशी वेगळा करार करायची. चालू खाते, शॉप अ‍ॅक्टचा दाखला, मागची विवरणपत्रे, दुकानात टेलिफोनची लाइन, वर मशीनचे महिन्याचे भाडे. बँकेच्या बाजूने पाहिले तर तेही समजण्यासारखे होते. दुकानदार माल न देता गायब झाला, तर गिऱ्हाइकाचे पैसे परत करण्याचा बोजा बँकेच्या डोक्यावर. म्हणून बँक ओळखीच्या, भक्कम दुकानदारालाच मशीन द्यायची. भाजीवाली, शिलाईकाम करणारी, पापड विकणारी बाई या हिशेबात कुठेच नव्हती.

मग लोक आपली वाट काढायचे. गिऱ्हाइकाकडे रोकड कमी पडली की साडीवाला त्याचे कार्ड घेऊन शेजारच्या मेडिकलवाल्याकडे जायचा, त्याच्या मशीनवर ओढायचा आणि रात्री दोघे आपसात मिटवायचे. शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर आपला कापूस खरेदी केंद्रावर घालावा, तसाच हा प्रकार. व्यवहार खरा, माल खरा, पण कागदावर विकणारा भलताच. कार्ड कंपन्यांच्या नियमांत याला सक्त मनाई होती : एका व्यापाऱ्याने दुसऱ्याची विक्री आपल्या नावावर घालायची नाही. मनाईला कारणही होते. याच वाटेने बनावट विक्री दाखवून पैसे फिरवणारेही जात.

पुढे जे घडले ते मला फार महत्त्वाचे वाटते. इंटरनेटवर विकणारे हजारो छोटे लोक आले. अमेरिकेत २००९ साली निघालेल्या स्क्वेअर या कंपनीने फोनला जोडायचे छोटे यंत्र काढले आणि कोणालाही कार्डाने पैसे घेता येऊ लागले. एवढ्या लोकांशी एकेक करार करणे कोणत्याच बँकेला जमणारे नव्हते. तेव्हा व्हिसा, मास्टरकार्ड यांनी मनाई सरसकट उठवली नाही, तिला अटी घालून दार उघडले. एक मोठी कंपनी बँकेशी करार करील, तिच्या हाताखाली उपव्यापारी असतील, त्यांची ओळख तपासण्याची आणि त्यांच्या गैरव्यवहाराची जबाबदारी त्या कंपनीची. उपव्यापाऱ्याची वर्षाची उलाढाल ठरावीक मर्यादेबाहेर गेली की त्याने थेट बँकेशी करार करायचा. ही मर्यादा आधी एक लाख डॉलर होती, पुढे दहा लाख झाली. ज्या गोष्टीला काल मनाई होती, तीच आज एक मान्य धंदा झाली. फरक एवढाच, की आता मधला माणूस कोण आहे हे सगळ्यांना माहीत असायला हवे.

आपल्याकडे प्रश्न आला तो मधल्या पैशाचा. गिऱ्हाइकाने आज पैसे भरले, विक्रेत्याला परवा मिळणार. मधले दोन दिवस ते कोणाच्या खात्यात? सुरुवातीला ते मधल्या कंपनीच्याच ताब्यात असत. कंपनी बुडाली, मालकाने ते दुसऱ्या कामाला लावले, तर विक्रेत्याने कोणाकडे जायचे? रिझर्व्ह बँकेने २४ नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकाने पहिली मेख ठोकली. असे पैसे नोडल खात्यातच, म्हणजे बँकेतल्या याच कामाच्या वेगळ्या खात्यातच ठेवायचे, त्यातून कंपनीला मनाला येईल तसा खर्च करता येणार नाही, आणि व्यवहार पुरा झाल्यापासून तीन दिवसांच्या आत विक्रेत्याला पोचते करायचे. पण त्या परिपत्रकाने पकडले ते बँकांना. मधल्या कंपनीला स्वतःला परवाना लागत नव्हता.

ती उणीव १७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी भरली. कोविडच्या टाळेबंदीच्या तोंडावर त्या आल्या, त्यामुळे त्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आता बिगरबँक कंपनीला रिझर्व्ह बँकेची परवानगी हवी, अर्ज करताना १५ कोटी आणि पुढे २५ कोटी रुपयांची निव्वळ मालमत्ता हवी, विक्रेत्यांचे पैसे शेड्यूल्ड बँकेतल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे त्यांच्यासाठीच राखून ठेवलेल्या खात्यात हवेत. कंपनीचा पैसा आणि विक्रेत्याचा पैसा एकत्र करायचा नाही. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा २००७ मधील कलम २३-अ या पैशाला संरक्षण देते : कंपनी दिवाळखोरीत गेली तरी त्या खात्यातल्या रकमेवर पहिला हक्क ज्यांचे पैसे येणे आहेत त्यांचा, कंपनीच्या इतर सावकारांचा नाही. ऑनलाइन बाजारपेठ चालवणाऱ्यांना हे पैसे हाताळण्याचा धंदा विक्रीच्या धंद्यापासून वेगळा काढावा लागला. एप्रिल २०२४ मध्ये दुकानातल्या व्यवहारांसाठी मसुदा आला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सगळे एकाच छत्राखाली आले : ऑनलाइन, प्रत्यक्ष दुकानातले आणि परदेशाशी होणारे.

या सगळ्याच्या शेजारून यूपीआयची गाडी धावत होती आणि आपल्या बाजाराचे रूप बदलले ते तिने. २०१६ साली ती सुरू झाली, १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर दुकानदाराला द्यावी लागणारी कटती शून्य झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले, की प्रत्येक कंपनीने आपापला बंद क्यूआर चालवायचा नाही. मार्च २०२२ अखेर सगळ्यांनी एकमेकांना चालणाऱ्या क्यूआरवर यायचे. म्हणून आज एकाच पाटीवर कोणत्याही अ‍ॅपने पैसे पडतात. लहान विक्रेत्यासाठी यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने वेगळा वर्गच केला : साध्या बचत खात्यावर, मोठ्या कागदपत्रांशिवाय, महिन्याच्या ठरावीक मर्यादेपर्यंत दुकानाचे पैसे घेता येतात. पन्नास हजारांखालच्या वस्तीच्या गावांत मशीन आणि क्यूआर पोचावेत म्हणून २०२१ साली वेगळा निधीही निघाला. आमच्या सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरी नदीच्या पात्रात खेळणी विकणाऱ्याच्या गाड्यावर पैसे आल्याचे बोलून सांगणारा डबा असतो, त्यामागे ही सगळी मोडतोड आणि जुळवाजुळव आहे.

कटती शून्य केली हे लहान दुकानदाराच्या भल्याचे झाले, पण यंत्रणा चालवायला पैसा लागतोच. केंद्र सरकारने २०२४-२५ साठी लहान दुकानदाराच्या दोन हजारांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारावर ०.१५ टक्के प्रोत्साहन द्यायचे ठरवले, त्यासाठी १,५०० कोटी ठेवले. ते बँका आणि कंपन्यांसाठी होते. उरलेला खर्च बोलणाऱ्या डब्याच्या भाड्यातून वसूल होतो. डबा बंद पडून कपाटात गेला तरी भाडे खात्यातून कटत राहते, असे उतारे माझ्यासमोर नेहमी येतात. नव्याण्णव किंवा सव्वाशे रुपयांसाठी कोण भांडत बसणार, म्हणून दुकानदार सोडून देतो. मला ते सोडवत नाही.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. बंगळुरूत "यूपीआय नाही, फक्त रोख" अशा पाट्या लागल्या आणि ती बातमी आमच्याकडे पोचल्यावर दोघा-तिघांनी मलाही क्यूआर काढू का म्हणून विचारले. त्यांना मी हेच सांगितले, की मालाच्या विक्रीला जीएसटी नोंदणीसाठी वर्षाला ४० लाखांची मर्यादा आहे, ती रोख आणि यूपीआय मिळून मोजतात, आणि तुमचा धंदा तिच्या जवळपासही नाही. माहिती मिळाली की भीती जाते. माझा सगळा मुद्दा इथेच आहे.

आता एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण नियमांतली खरी फट मला तिथे दिसली.

आमच्या भागातला एक बचत गट फाल्गुन-चैत्रात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड घालतो. ज्वारी दिवस दिवस भिजवायची, कुटायची, पीठ शिजवायचे, त्यात तीळ, लसूण, मिरची. मग गच्चीवर ओल्या कापडावर थापायचे आणि उन्हाचा चटका बसायच्या आत पहाटेच काम उरकायचे. गिऱ्हाईक सुरत, पुणे, पिंपरी-चिंचवडला गेलेले आपलेच खान्देशी लोक. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला लेकी माहेरी येतात, घरोघरी डबे भरायचे असतात, त्यामुळे चैत्र संपता संपता मागणी एकदम चढते. गटाने एका अ‍ॅग्रीगेटर कंपनीची पेमेंट लिंक घेतली होती. फोनवर ऑर्डर, लिंकवर पैसे, कुरियरने माल. महिन्याला चार-पाच हजारांची उलाढाल असलेल्या त्या लिंकवर आखाजीच्या तोंडावर पंधरवड्यात ३६,४०० रुपये आले आणि कंपनीने ते सगळे थांबवले. इंग्रजीत एक मेल : तुमचे खाते तपासणीखाली आहे.

गटाच्या अध्यक्षा आधी बँकेत गेल्या. बँक म्हणाली, आमच्याकडे काही आलेलेच नाही. कंपनीचा फोन लावला तर यंत्र बोलायचे, इंग्रजीत आणि हिंदीत. लिंक काढून देणाऱ्या एजंटाचा नंबर बदललेला. इकडे ज्वारीच्या व्यापाऱ्याचे द्यायचे, थापणाऱ्या बायांची मजुरी द्यायची. त्या माझ्याकडे आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "ताई, मना पैसा कोठे ग्यात?"

मी करार मागितला. तो कोणाकडेच नव्हता. एजंटाने फोनवर खूण करून पुढे ढकलले होते. कंपनीच्या संकेतस्थळावर गटाच्या खात्यात जाऊन पाहिले, तर व्यवसायाच्या रकान्यात शिकवणी वर्ग! एजंटाने लवकर मंजुरी मिळावी म्हणून आपल्या हाताला आलेला वर्ग टाकला असणार. शिकवणी वर्गाच्या नावावर एकाएकी रोज छोट्या छोट्या रकमा, तीही वेगवेगळ्या शहरांतून. कंपनीच्या यंत्रणेला संशय येणे साहजिक होते. तपासणीचा अधिकार तिला आहे आणि असायलाच हवा. लिंक उघडून लोकांना फसवणारे याच वाटेने येतात.

मग कागद जमवले. अन्नसुरक्षेची नोंदणी गटाकडे होती. जीएसटी क्रमांकाचा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना, तेव्हा स्वतंत्र पत्र लिहिले, की पापडावर, तो कोणत्याही नावाने ओळखला जात असो, जीएसटी शून्य आहे. फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही. बिबडा हा ज्वारीचा पापडच, हे फोटोसह पटवून द्यावे लागले. कुरियरच्या पावत्या, ज्वारीची बिले, बँकेचे पासबुक, सगळे पाठवले. पैसे पूर्ण आले, पण आखाजी होऊन गेल्यावर.

त्या धावपळीत मी २०२० चे नियम ओळ न् ओळ वाचून काढले आणि दोन गोष्टी समजल्या. पहिली, गटाचा पैसा तेवढ्या काळात एस्क्रो खात्यात होता आणि कायद्याने गटाचाच होता. कंपनी बुडाली असती तरी तो बुडायचा नव्हता. अध्यक्षांना हे एका वाक्यात कोणी सांगितले असते तर त्यांनी दागिना गहाण टाकायचा विचार केला नसता. दुसरी गोष्ट जास्त लागली. माल पोचवण्याची जबाबदारी विक्रेत्याची असेल तर, तेव्हा लागू असलेल्या नियमांप्रमाणे, माल पोचल्याचे विक्रेत्याने कळवले की त्यानंतरच्या दिवसापर्यंत पैसे द्यायचे. म्हणजे घड्याळ सुरू व्हायचे ते विक्रेत्याच्या कळवण्याने. माल पोचल्याचे कंपनीला कळवायचे असते, हेच गटातल्या एकाही बाईला माहीत नव्हते. त्या पावत्या डब्यात जपून ठेवत होत्या. नियम त्यांच्या बाजूचा होता आणि त्यांच्याच गैरहजेरीत चालला होता.

अमळनेरला कागद कळत नाही, असे कोणी म्हणू नये. १९४५ साली याच गावात विप्रोची सुरुवात तेलाच्या कारखान्याने झाली आणि त्या कंपनीचे शेअर इथल्या साध्या घरांनी वर्षानुवर्षे जपले. समजावून सांगितले तर आमचे लोक लांबचे व्यवहारही समजतात. इंग्रजी मेल आणि फोनवरची खूण याला समजावणे म्हणत नाहीत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. दुकानदाराला किंवा गटाला जोडून घेताना कंपनीने मराठीत एक पान द्यावे, छापील. त्यावर कंपनीचे नाव आणि रिझर्व्ह बँकेच्या परवानगीची नोंद, एस्क्रो खाते कोणत्या बँकेत, पैसे कधी मिळणार आणि ते मिळण्यासाठी विक्रेत्याने काय कळवायचे, त्याचा व्यवसाय कोणत्या वर्गात टाकला आहे, कटती आणि भाडे किती, भाडे बंद कसे करायचे. आणि तक्रारीसाठी नोडल अधिकाऱ्याचा फोन. नोडल अधिकारी नेमून त्याची माहिती संकेतस्थळावर ठेवणे २०२० पासून बंधनकारक आहे. तीच माहिती क्यूआरच्या पाटीच्या मागच्या बाजूला आली तर कंपनीचा शाईपलीकडे काही खर्च होणार नाही.

पैसे थांबवायचे असतील तर कोणत्या व्यवहाराचे, का आणि कोणता कागद दिल्यावर सुटतील, हे मराठीत कळवावे. आणि साडेचारशेच्या एका ऑर्डरचा संशय असेल तर साडेचारशे थांबवावेत, छत्तीस हजार नव्हे. सायबर तक्रारीवरून संपूर्ण बँक खाते गोठते तेव्हाही हेच व्हायला हवे. चहावाल्याच्या खात्यात आलेल्या साठ रुपयांचा माग कुठल्या तरी फसवणुकीशी लागला, म्हणून त्याचे दुधाचे पैसे अडवणे न्यायाचे नाही.

हे सगळे दिल्ली-मुंबईवर सोडायची गरज नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत अग्रणी बँकेच्या बैठका जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली होतात. कर्जवाटपाच्या आकड्यांबरोबर या विषयाला तिथे जागा मिळावी. उमेद अभियानाच्या बँक सखी गावोगावी आहेत. त्यांना खाते उघडणे आणि कर्जाचा अर्ज भरणे शिकवले जाते, त्यात अ‍ॅग्रीगेटरचा करार वाचणे आणि व्यवसायाचा वर्ग तपासणे हे जोडावे. धडगाव-अक्कलकुव्याकडून आमचूर विकणारे गट आता ऑनलाइन येत आहेत, त्यांना तरी आमच्या गटासारखी धावपळ करावी लागू नये.

वर सांगितलेल्या एका पानाचा नमुना मी तयार केला आहे. गटातल्या महिलांना तो वाचून दाखवला, त्यांना न कळलेली वाक्ये काढून टाकली आणि "पैसे अडले तर पहिला फोन कोणाला" ही ओळ त्यांच्या सांगण्यावरून सर्वांत वर घेतली. या पत्रासोबत तो पाठवत आहे. आपल्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार आवृत्त्यांत फाल्गुन लागण्याआधी छापलात, तर बिबडे-पापडाच्या हंगामापूर्वी गटांच्या हाती पडेल.

आपली,
एक हिशेबनीस
अमळनेर, जि. जळगाव

(गटाची ओळख उघड होऊ नये म्हणून माझे नाव छापू नये, ही विनंती.)